वेल परतणे

फळ्याच्या मधोमध मी एक वर्तुळ काढलं
भाकरीएवढं,
आत लिहिलं: आमचं शेत.

सातवीचा वर्ग. उचगावच्या पुढं, फाट्यावरून आत,
कौलं फुटलेली, पण फळा नवा.

पंधरा वर्षं मी सांगत आले,
मुद्दे काढा, मग लिहा.
मुलं मुद्दे काढत, म्हणजे गाईडातले उतरवत:
प्रस्तावना, महत्त्व, उपसंहार.
आणि प्रत्येक वहीतली गाय
तेवढीच उपयुक्त पशू असे.

या वेळी म्हटलं, लिहायचं नाही. काढायचं.
वर्तुळातून रेघ, रेघेला दुसरं वर्तुळ,
आठवेल ते,
आठवेल त्या भाषेत.

भरमा तरळेनं पहिल्या रेघेला बापाचा टेम्पो बांधला,
टेम्पोला मार्केट यार्ड,
यार्डाला इंदूरचा दलाल,
दलालाला त्याचं हसणं.
मयुरी हुंदरेच्या विहिरीतून निघाली मोटर,
मोटरीतून रात्री दोनची लाईट,
लाईटीतून आजोबा, बॅटरी,
आणि तिथून एक साप, जो कुणालाच सोडवेना.
रेघा एकमेकींच्या अंगावरून गेल्या.
फळा पांढरा झाला.
मला वाटलं, हे काही जमलं नाही.

वैजयंता मागच्या बाकावर.
गेल्या सहामाहीत तिनं लिहिलेली वाक्यं: तीन.
आज तिच्या कागदावर सत्तावीस वर्तुळं. मी मोजली.
म्हटलं, वा! आता लिही.
'नको बाई. अजून परतायचंय.'

काय परतायचंय?

तिनं खिडकीबाहेर बोट केलं.
लाल मातीचे वरंबे, त्यांच्यावर
रस्त्यापर्यंत आलेला रताळ्याचा वेल.
'वेल पसरला की डोळ्याडोळ्याला मूळ धरतोय बाई.
दिसायला हिरवागार की,
पण खाली रताळं बोटाएवढं.
म्हणून अव्वा भादव्यात काठी घालून
अख्खा वेल उचलते, उलटा टाकते.
कडकड आवाज येतोय मुळं तुटल्याचा.
तसंच ह्यालाबी करायला पायजे.'

आणि तिनं खोडरबर घेतला.
ट्रॅक्टर गेला. खत गेलं. बांधावरचा आंबा गेला,
मला आवडला होता तो.
बैलापाशी हात थांबला,
मग बैलही गेला.
उरलं चार:
अव्वा, काठी, तो आवाज,
आणि उजवा खांदा.

त्या चारांवर दीड पान.
शुद्धलेखन वाईट. उपसंहार नाही.
शेवटची ओळ: औंदा वेल मी परतते.

प्रशिक्षणात साहेबांनी दाखवलेल्या चित्रात
फांद्या नुसत्या वाढत होत्या,
निळ्या, तांबड्या, पिवळ्या.
तुटण्याच्या आवाजाबद्दल
कुणी काही बोललं नव्हतं.
मीही विचारलं नव्हतं.
चहा आला होता.

दुपारी ह्याच खोलीत कन्नड वर्ग भरतो.
आमची वेळ संपली की त्यांची घंटा,
बाक तेच, खडू वेगळा डबा.
इतक्या वर्षांत एकच करार, न बोलता पाळलेला:
जाताना फळा पुसून जायचं.
त्या दिवशी मी विसरले.

सकाळी आले तर कुणी पुसलेला नव्हता.
टेम्पो होता, साप होता,
आणि 'रताळं' ह्या शब्दाच्या पोटातून
हिरव्या खडूची एक रेघ,
रेघेच्या टोकाला वर्तुळ,
वर्तुळात गोल गोल कन्नड अक्षरं.
'गेणसु,' वैजयंतानं वाचलं. 'रताळंच की बाई.'

त्याच्याही पुढं एक छोटं वर्तुळ,
रिकामं. घंटा झाली असणार.

डस्टर माझ्या हातात होता.
मुलं बघत होती.
टेम्पो पुसला, यार्ड पुसलं, साप पुसला.
तेवढं एक मूळ
धरू दिलं.