मागची दोन भोकं

नाव आली ट्रकातून, दाभोळकडच्या एका माणसाची,
निळी, फायबरची, समुद्रासाठी बांधलेली.
मागच्या फळीला दोन भोकं. अंगठा जाईल एवढी.
"लाट आत आली की इथनं भाईर जाती,"
अण्णांनी आम्हाला सांगितलं, विकणाऱ्याच्या ऐटीत.
केत्तूरच्या काठाला त्यांनी बादलीभर पाणी ओतून दाखवलं.
गेलं की. दोन धारांनी, शहाण्यासारखं.

पण रिकामी नाव कोण हाकतं?
ओली जाळी, बर्फाची पेटी, चार क्रेट चिलापी,
मागे इंजिन, आणि इंजिनाला टेकून वाल्मिकमामा,
ज्याला अख्ख्या करमाळ्यात शर्ट मिळत नाही.
मागची बाजू बसली. भोकं गेली पाण्याखाली,
दोन बोटं फक्त.

आधी घोट्याला कळलं.
मामा म्हणाला, बर्फ इतळला आसंल.
मग एक क्रेट आपणहून सरकला,
मेलेल्या माशांसकट तरंगला,
आणि त्यानंतर कुणी काही म्हटलं नाही.
डालड्याच्या डब्यानं उपसत आले दोघं.
अण्णांच्या हाताला त्या रात्री भाकरी मोडवेना.

आईनं पत्र्याची पेटी उघडली.
लग्नाआधी ती सोलापुरात, नीलमनगरच्या मागावर
कांड्या भरायची, दिवसाला किती ते तिला अजून पाठ आहे.
सात कांड्या तिनं जपून ठेवल्या होत्या, का ते विचारायचं नाही.
लाकडाची निमुळती कांडी, वर ओली चिंधी गुंडाळून
तिनं भोकात फिरवली. बसली.
"भोक बुजवायला काय कॉलेज लागतं व्हय?"

आठ दिवस नाव कोरडी.
नवव्या दिवशी कुगावच्या अंगानं वारा सुटला,
पाणी काठावरून आत पडलं, एकदा, परत एकदा,
आणि बाहेर जायची वाट आम्हीच बंद केलेली.
गुडघाभर पाण्यात अण्णा चाचपत राहिले
कांडी कुठं आहे ते.

जेऊरला मैनुद्दीनचं पंक्चरचं दुकान.
माझी सायकल उलटी करून तो ऐकत होता.
व्हॉलची बारीक नळी काढली, तोंडात धरून फुंकली,
मग उलटी ओढून दाखवली. "बघा भाऊ.
हवा आत जाते, परत येत नाही.
तुमचं याच्या उलटं आहे. एवढंच."
आणि मला न विचारता माझी ट्यूब कापली.

जिभेसारखे दोन तुकडे. बाहेरून लावलेले,
वरच्या कडेला पट्टी आणि दोन स्क्रू, खाली मोकळे.
आतलं पाणी ढकलतं तेव्हा जीभ उचलते.
बाहेरचं ढकलतं तेव्हा चिकटून बसते,
जितकं जोरात ढकलावं तितकी घट्ट.
तरी पेटी पुढे सरकवली.
मामालाही पुढे सरकवलं. तो अजून रुसलेला आहे.

मी वल्ह्यावर बसून कान देते:
टप्. थांबून. टप्.
झोपेत कुणी ओठ मिटावेत तसं.

कायमचं काही नसतं ह्यातलं.
उन्हाळ्यात धरण वजा वीसवर जातं,
नाव भेगाळल्या गाळावर तिरपी पडते,
रबर वाळून वळतं. दरवर्षी नवी ट्यूब.
आणि एक साधा खवला, चिलापीचा, नखाएवढा,
कडेत अडकला की जीभ मिटत नाही,
पाणी त्या फटीतून येतं, न बोलता.
म्हणून निघताना अण्णा काठावरून वाकून
दोन्हीकडे बोट फिरवतात.
आई "जपून जा" असं कधीच म्हणत नाही.
ती विचारते, "जिबा बगितल्या का?"

कांड्या आहेत अजून, सुतळीनं बांधलेल्या,
रात्री नाव बांधून ठेवली की लावायला.
एकीवर चादरीचा लाल धागा राहिलाय, चार-पाच वेढे.
तीन वर्षं भिजतोय.
रंग गेला नाही म्हणून आई तो मुद्दाम शेजारणीला दाखवते.