बटन, बटन, बटन

आडनाव काळोखे. हसून घ्या आधी.
धनकवडी, तिसरा मजला.
मॉनिटर कायम बंद, त्यावर सूनबाई रुमाल वाळत घालते.

गुरुवार होता. वीज नाही.
बॅटरीवरच शिरलो नव्या रेडिओत.
बाण खाली : बटन.
बाण खाली : बटन.
बाण खाली : बटन.
चित्रं काढली असतील कुणी सुबक,
नावं द्यायची राहिली.

पहिलं दाबलं, तर कुठलंसं बंदर
माशांचे भाव सांगत होतं. भाषा कळेना,
घाई कळली.
दुसरं दाबलं
आणि सहा वर्षं जमवलेली स्टेशनं
एका ‘टुक्’मध्ये गेली.

जुन्या रेडिओची कळ असा दगा देत नसे;
आधी खरखरायची,
जिन्यात कुणाची चप्पल वाजावी तशी.

रात्री वीज आल्यावर बसलो. स्क्रीन रीडर इतका भरभर
की सून म्हणाली, मुंग्या भांडतायत का हो?
मग मीच चिकटवली नावं,
लोणच्याच्या बरण्यांना चिकटवतात तशी :
पहिल्याला ‘मासे’.
दुसऱ्याला ‘भालचंद्रा, हात लावू नकोस’.

तिसऱ्यानं काहीच होत नाही.
त्याला नाव दिलेलं नाही अजून.
रोज एकदा दाबून बघतो.