चोवीस-अ

चौकशी भोसरीत, कॅन्टीनच्या वरच्या खोलीत.
खाली पोह्यांची फोडणी, वर मी.
दिवसाचे सहाशे आणि रिक्षाभाडं,
बोलतील ते टाइप करायचं.

दादाभाऊ भालसिंग, प्रेसशॉप, तिकीट नंबर तीनशे बारा.
आरोप : गैरवर्तन.
स्थायी आदेश चोवीस-अ :
वरिष्ठांचा कायदेशीर व वाजवी हुकूम
जाणूनबुजून न पाळणे.

आरोपपत्रही मीच टाइप केलं होतं.
त्यात 'कायदेशीर व वाजवी' नव्हतं.
मला वाटलं, जागा वाचवली असेल.

चौकशी अधिकारी हसबनीस वकील. सभ्य माणूस.
"आधी चहा घ्या, भालसिंग," म्हणाले.
त्याचा अर्धा कप झाल्यावर विचारलं,
"साहेबांनी प्रेस चालू करायला सांगितली.
तुम्ही केली नाहीत. हो की नाही?"

"सेन्सर काढून चालव म्हणाले."
"हो की नाही?"
"सेन्सर नसला की हात आत असला तरी खाली येती ती.
खंडेनवमीला हार घातला आम्ही तिला, नारळ फोडला,
आन् दुसऱ्याच पाळीत उद्धवची दोन बोटं..."

"तो विषय या चौकशीचा नाही,"
हसबनीस म्हणाले
आणि माझ्याकडे बघितलं.
नुसतं बघितलं.

माझी बोटं थांबली. दहाच्या दहा.
मग त्यांनी लिहिलं,
उत्तर : हो.

कागद त्याच्यापुढे सरकवला.
ओळीखाली नख फिरवत त्यानं वाचला, दोनदा.
"ताई, येवढंच बोललो का मी?"

मी प्रिंटरमधले कोरे कागद
काढले, ठोकून सरळ केले,
परत घातले.
त्यानं सही केली. शिरोरेघेसकट, सावकाश.

नंतर एकदा सगळे स्थायी आदेश वाचून काढले,
लांडेवाडीच्या स्टॉपवर, बस येईपर्यंत.
चोरी आहे, दारू आहे, जुगार आहे,
कामावर झोपणं आहे, शिवीगाळ आहे.
ऐकलेलं न लिहिणं कुठे दिसलं नाही.
दिसलं असतं तरी काय,
मी कंपनीची नोकर कुठाय? रोजावरची.

शिवाजीनगरच्या लेबर कोर्टात तारखा पडतायत.
तो कागद तिथे आहे, निशाणी सहा.
हसबनीसांचा अजून फोन येतो. मी जाते.

यंदा खंडेनवमीला
कीबोर्ड पाटावर ठेवला, हळदकुंकू वाहिलं.
दुसऱ्या दिवशी फडक्यानं पुसून घेतला.
'ह'च्या फटीत थोडं राहिलंय लाल,
टाचणीनंही निघत नाही.