दोन मिनिटं अकरा सेकंद

पहाटे साडेतीनला मेरीपोर्टहून निघतो.
दुधाचा टँकर रिकामा असला की मागे घुमतो,
पिंपात तोंड घालून कुणी बोलावं तसा.
तो घुमारा बुजवायला रेडिओ.

मोठी स्टेशनं या दरीत येत नाहीत,
डोंगर त्यांना दारातूनच परत लावतात.
येतं ते एकच, लोखंडी सामानाच्या दुकानावरच्या खोलीतून:
खाली खिळे, बिजागऱ्या, रंगाचे डबे,
वर विल्फ्रेड ऑर्मरॉड, वय एकोणऐंशी,
रेकॉर्ड बदलताना त्याचे गुडघे वाजतात तेही ऐकू येतं.

गाजलेलं तो काही लावत नाही.
"ती गाणी तुम्हाला लिफ्टमध्येही भेटतील," म्हणतो.
त्याच्याकडे असतात ती,
जी चौसष्ट साली आली आणि ज्यांना कुणी हुंगलंही नाही,
तबकडीच्या मागच्या बाजूला चिकटून जगली,
मग चर्चच्या सेलमध्ये, पुठ्ठ्याच्या खोक्यात,
केकच्या साच्यांखाली.

बॅसेनथ्वेटच्या तळ्याशी आवाज फुटतो,
आणि तो नेमकं तिथेच गाण्याचं नाव सांगतो.
म्हणून कितीतरी गाणी माझ्याकडे बिननावाची आहेत:
ढोलवाल्याला घाई झालेलं,
मुलगी शेवटच्या ओळीत हसलेलं,
ते एक, ज्यात ऑर्गन सर्दी झाल्यासारखा.

हार्बर क्लार्क्सचं नाव मात्र कळलं, तिसऱ्या खेपेला.
पाच पोरं, लँकेस्टरची. एकच रेकॉर्ड.
नंतर चौघं आपापल्या कचेऱ्यांत परत गेले,
पाचव्याचं विल्फ्रेडलाही माहीत नाही.
गाणं बरं आहे. फार बरं नाही.
पण दोन मिनिटं अकरा सेकंदांवर
कुणीतरी खोकतं.

दर महिन्याला या गाण्याची फर्माईश येते,
अ‍ॅस्पॅट्रियाहून, सव्वाचारला, एनिड टोल्सनची.
मला वाटे, म्हातारीचं तरुणपणीचं काहीतरी असेल,
नाच, पोलका ड्रेस, तसलं.
एकदा विल्फ्रेडने फोन हवेवरच घेतला, तेव्हा ती म्हणाली,
"खोकला आमच्या सिरिलचा.
तो त्यांची व्हॅन चालवायचा.
त्याला बाहेरच थांबायला सांगितलं होतं,
पण मँचेस्टर, जानेवारी, आणि कोट ओला."

एवढंच. मग तिने हवामानाबद्दल विचारलं.

मागच्या हिवाळ्यात कुणा हौशी माणसाने
विल्फ्रेडला नवी प्रत पाठवली, धुऊनपुसून काढलेली:
खरखर नाही, टकटक नाही,
गिटार अशी की तारेवरचं बोट दिसावं.
तो खूश. मीही, खोटं कशाला सांगू.
दोन मिनिटं दहा. अकरा. बारा.
मी आपोआप हीटरचा पंखा बंद केला होता.
काही आलं नाही.

सव्वाचारला फोन.
"हे ते गाणं नाही," ती म्हणाली, आणि ठेवला.

विल्फ्रेड बराच वेळ काही बोलला नाही.
रेडिओवर बराच वेळ म्हणजे सहा-सात सेकंद,
पण गाडीत एकट्या माणसाला ते पुष्कळ होतात.
मग खोकी सरकवल्याचा आवाज,
एक डबा पडल्याचा, एक सौम्य शिवी,
आणि सुई जुन्या चरीत उतरली,
तेल तापावं तशी.

हल्ली मी तळ्याच्या अलीकडेच टँकर कडेला घेतो.
चार मिनिटं जातात.
थॉर्नथ्वेटचा शेतकरी दूध घेऊन उभा असतो,
उशीर का, विचारतो.
मी म्हणतो, रस्त्यावर मेंढ्या होत्या.
तो म्हणतो, या वेळेला?
मी म्हणतो, एकच होती.
पण हटायला तयार नव्हती.