तेक्लेचा अंगठा

नोंदवहीत मी लिहिलं:
तेक्ले, वय साडेपाच, आज तीन जणांना चावली.
चौथी मी. ते लिहिलं नाही.
मनगटावर अजून आहेत खुणा,
वरचे दोन दात पुढे आलेले,
मधे अंगठ्यापुरती कमान.

झेस्ताफोनीत कारखान्याच्या धुरानं
दोरीवरचे कपडे दुपारपर्यंत करडे होतात.
तिचा अंगठा तेवढा पांढरा,
रात्रभर भिजलेल्या घेवड्यासारखा.

दंतवैद्य म्हणाला, टाळू वर चढतोय.
शेजारीण म्हणाली, अजिका चोळ.
बापानं चोळली. लाल, झणझणीत, लसणीची.
डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी,
अंगठा तोंडातच.
आता ती जेवताना अजिका मागून घेते.
हे सांगताना ओतार हसला,
आणि मधेच हसायचा थांबला.

मग कडू औषध. मग चिकटपट्टी.
मग झोपताना हातात मोजा.
मोजा सकाळी गादीखाली सापडायचा,
ओला.

आई नापोलीत आहे.
तिथं कुणाच्या तरी आईला न्हाऊ घालते,
तिची नखं कापते, तिला घास भरवते,
आणि रविवारी फोनच्या काचेत येते.

त्या रविवारी मी विसरलेली टोपी द्यायला गेले होते.
"दाखव बघू अंगठा," आई म्हणाली.
तेक्लेनं दाखवला, काचेला इतका टेकवून
की नापोलीत नुसता अंगठाच पोचला असेल,
सुरकुतलेला, घट्टा पडलेला.
"अगं बाई," म्हणत आईनं हात तोंडावर नेला
आणि तेक्ले ओरडली, "तुझा पण!"

खरंच. दिवसभर साबणाच्या पाण्यातली ती बोटं
टोकाला तशीच पांढरी, तशीच चुरगळलेली.

"तू पण चोखतेस? रात्री?"

नेटवर्क गेलं, ओतार म्हणाला.
नेटवर्क होतं.
काचेत छत दिसत होतं, एक दिवा,
आणि पलीकडच्या खोलीत
एक म्हातारी खोकत होती.

सोमवारी शोता म्हणाला, चोखतात ती कुकुली बाळं.
तेक्लेनं अंगठा काढला,
फ्रॉकला नीट पुसला.
"माझी आई पण चोखते," म्हणाली.
आणि मग चावली.

शोताच्या दंडाला मी बर्फ लावला.
'वर्तन' या रकान्यात पेन टेकवून बसले,
शाईचा ठिपका वाढत गेला.

दुपारच्या झोपेत मुलांचे अंगठे
हलकेच काढून पांघरुणात घालायचे,
असा आमच्याकडे नियम.
मी पडदे ओढले,
एकेका पलंगापाशी वाकले,
आणि तिच्या पलंगाशी
न थांबता पुढे गेले.