अग्रलेखाची जागा

गिजवणेकर सर बोलतात ते परिच्छेद पाडून बोलतात.
'पंचाहत्तरचा जून. अखेरचा आठवडा.
त्या रात्री मी ठरवलं, अग्रलेख कोरा सोडायचा.'
मागं भिंतीवर फ्रेममध्ये तो अंक,
दोन कॉलम, वीतभर, रिकामे.
मला फोटो काढायचा म्हणून काच धोतराच्या सोग्यानं पुसतात.
बशीत मारी बिस्किटं. फोनवर रेकॉर्डिंगचा लाल ठिपका
तांबड्या मुंगीसारखा, जागच्या जागी.

हुसेन मुल्लाणी गंगावेशीत, जिन्याखालच्या खोलीत.
बोटांना अजून शिशाचा काळा आहे म्हणतात,
मला दिसला नाही.
'कोरा सोडला? सरांनी?'
हसता हसता खोकला येतो, तो संपेपर्यंत मी थांबते.
'पोरी, लेख जुळवून झाला हुता. जोडाक्षरासकट.
दारावर थाप पडली आन् गॅली निसटली हातातनं.
खिळं सगळ्या फरशीवर.
ळ कपाटाखाली, एक अनुस्वार मोरीत.
पोलीस कुठला, दूधवाला हुता त्यो!
पर परत जुळवायला वेळ कुणाला?
म्हटलं, जाऊ दे तसाच.
सर घरी झोपल्यालं.'
मग आवाज उतरवून,
'हे छापू नगंस. फ्रेम केलीय त्येनं.'

छापत नाहीये चाचा,
कविता करतेय. कोण वाचतंय.

धोंडीराम पाटोळे. एकाहत्तरला पूर्वेच्या आघाडीवर,
पोटरीत छर्रा, तो अजून आतच,
नंतर बिंदू चौकातल्या तुरुंगाच्या दारावर नोकरी.
लढाईचं विचारलं तर जळवांचं सांगतात.
तुरुंगाचं विचारलं तर डब्यांचं.
'भाकरी मोडून बघायची, तशी ऑर्डर.
मोडलेली भाकरी आत द्यायला लाज वाटायची ओ.
गुंडाळलेला कागद छापील असला तर काढून घ्यायचा.
एकदा निम्मा कोराच निघाला.
कोऱ्या कागदाला कुठलं कलम लावता?
सोडला.'

आक्काताई आवळे, कसबा बावडा.
नवरा उद्यमनगरात फौंड्रीला, युनियनचा, म्हणून आत.
'रद्दी वाण्याकडची. त्यात काय हाय, काय न्हाई,
मला काय ठावं?
डबा परत आला, तर बुडाशी त्योच कागद, घडी घालून.
रिकाम्या जागंत ह्यांचं अक्षर.
पेन्सिलीचं. वरपास्नं खालपातुर.'

काय लिहिलं होतं?

इथं रेकॉर्डिंगमध्ये अकरा सेकंद कुणी बोलत नाही.
कुकरची एक शिट्टी. बाहेर कुणीतरी
'घे, घे, अजून घे' म्हणत टेम्पो मागं घेतंय.

'वाचाय येत न्हवतं मला तवा.
शेजारणीला दाखवावं तर तिचा दीर पोलिसात.
दोन राती चोळीत ठेवला, तिसऱ्या दिवशी चुलीत.
अक्षर बारीक हुतं. येवढंच सांगता येतंय.'
सुटून आल्यावर विचारलं नाहीत?
'जाळला म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?
त्येनी काढलं न्हाई, मी इचारलं न्हाई.
तीस वरसं संसार झाला.
म्होरं रात्रीच्या शाळंत गेले मी.
पयल्यांदा काय वाचलं सांगू? रेशनकार्ड.
ह्यांचं नाव चुकीचं लिवलेलं.'

चौघं एकाच गावात. सायकलवर अर्ध्या तासाचं अंतर.
एकमेकांना ओळखत असतील तर सर आणि चाचा,
तेही अलीकडं फक्त मयतीला भेटतात.

रात्री टाइप करत बसते. विद्यापीठाच्या फॉर्मात रकाना आहे,
माहितीची पडताळणी केली का. होय. नाही.
मध्ये काही नाही.
खाली पानपट्टीचं शटर पडतं.
आणि मला आठवतं, चाचांना विचारायचं राहिलंच,
मोरीतला तो अनुस्वार
सापडला का.