एक सूत

गेल्या श्रावणात आण्णांच्या कमरेला नागीण निघाली.
डाव्या बरगडीखालून लाल पुरळांचा पट्टा
बेंबीकडं सरकत.
शेजारी म्हणाले, तोंड आन् शेपूट जुळू देऊ नका.
बापट कॅम्पातली हौसाक्का कुंभार आली,
काव उगाळून तिनं पुरळांच्या पुढ्यात रेघ ओढली :
हितनं फुडं यायचं न्हाई.
मी गोळ्याही दिल्या. रेघही पुसली नाही.

नागीण उतरली, आग राहिली.
आणि त्या आगीमागून, की आधीपासूनच,
कोण सांगणार,
उद्यमनगरात चाळीस वर्षं गेलेला माणूस
आपल्याच गल्लीच्या तोंडाशी थांबून
कुणालातरी वाट विचारायला लागला.

डॉक्टर मगदूम म्हणाले, या नागिणीची लस असते.
असते नागिणीसाठीच.
पण अलीकडं असं दिसतंय,
की घेतलेल्यांत हा विसरण्याचा आजार थोडा कमी.
आण्णांना द्यायची?
त्यांचं आता मी बोलत नाही. तुमचं बोलतोय.
थोडा म्हणजे किती?
त्यांनी चष्मा काढून पुसला.
दिसतंय म्हणजे दिसतंय, बाई. ठरलेलं नाही.

लांबच्या एका देशात सरकारनं तारीख नेमली म्हणे :
या दिवसापासून पुढं जन्मलेल्यांना लस,
आदल्या दिवशीपर्यंतच्यांना नाही.
आठवड्याच्या अंतरानं जन्मलेली म्हातारी माणसं,
तीच थंडी, तोच पाव, तेच गुडघे.
काही वर्षांनी मोजलं,
तर अलीकडच्यांत विसरलेले कमी निघाले.
तीही जुनी लस. इथं मिळते ती नवी.

मी हसले.
(लिहिताना हसले. बोलताना आम्ही हसलोच म्हणतो.)
आण्णांची जन्मतारीख एक जून.
त्यांच्या वर्गातल्या बत्तीस पोरांची एक जून.
पोरगं कधीचं, मास्तरांनी विचारलं,
आजी म्हणाली, भुरी म्हस व्याली त्याच्या दुसऱ्या रोजी.
मास्तरांनी टाक दौतीत बुडवला.
आता या माणसाला तारखेच्या
कुठल्या बाजूला उभं करायचं?

आण्णा पॅटर्नमेकर.
आधी सागवानी पंप घडवायचा,
तो वाळूत दाबून अलगद काढून घ्यायचा,
मग उरलेल्या पोकळीत लोखंड.
लोखंड निवताना आकसतं.
म्हणून त्यांची पट्टी वेगळी होती,
तिच्यावरचा फूट बाजारातल्या फुटाहून जरासा मोठा.
किती मोठा, मी लहानपणी विचारलेलं.
फुटाला एक सूत.
एवढ्यानं काय होतंय?
पंप बसतोय, म्हणाले.

दोन सुया, दोन महिन्यांच्या अंतरानं.
दोन्हीचे मिळून माझ्या पेन्शनचा जवळजवळ एक महिना.
भावाला फोन केला, दिनकर पुण्यात असतो.
तो म्हणाला, खात्री नसताना एवढे पैसे?
मी म्हटलं, नागीण तर टळंल.
आणि दुसरं?
दुसरं मी बोललेच नाही.
आण्णा पलीकडं बसून
बशीतला चहा पुन्हा कपात ओतत होते.

राजारामपुरीत सिस्टर बागवाननी डावा दंड धरला.
सैल सोडा, म्हणाल्या. सुटेना.
कापूस दाबून बाहेर आले,
कोपऱ्यावर मिसळीच्या कटाचा वास,
गाड्यांचे हॉर्न,
काहीच बदललेलं नव्हतं.

घरी दारातून हाक दिली, आण्णा, मी आलो.
आमच्यात बायकाही आलोच म्हणतात,
आणि आण्णांना हल्ली त्यावरून वाटतं, दिनकर आला.
दिनकर?
हां.
दंड दुखत होता. रात्री अंगात कणकण आली.

पहाटे उठून पाहिलं तर
लाईट लावून आण्णा जेवायचं टेबल मोजत होते,
पिवळी पडलेली ती पट्टी घेऊन.
एवढी कुठं सापडली त्यांना?
मोठं निघतंय, म्हणाले.
टेबल न्हाई, आण्णा, पट्टी.
त्यांनी माझ्याकडं पाहिलं,
बराच वेळ पाहिलं,
मग टेबलाचं दुसरं टोक दाखवून म्हणाले,
धर की तिकडनं.